तीस दिवसांचा एन्कोडर आणि वीस वर्षांचे पेटंट

२००२-०३ च्या सुमारास घरच्या संगणकावर चित्रफिती तयार करण्याचा नाद असलेल्या पुष्कळांना एक जपानी प्रोग्रॅम ठाऊक होता. त्याचे नाव टीएमपीजीएन्क. ‘त्सुनामी एमपेग एन्कोडर’ या भारदस्त नावाचे हे लघुरूप. हिरोयुकी होरी यांनी लिहिलेला हा एन्कोडर चित्राच्या गुणवत्तेत कित्येक महागड्या व्यावसायिक प्रोग्रॅमच्या तोडीस तोड मानला जाई आणि त्याची एक विनामूल्य आवृत्तीही मिळत असे. ती वापरणाऱ्याला मात्र एक चमत्कारिक अनुभव येई. पहिले तीस दिवस प्रोग्रॅम सर्व कामे करी. एकतिसाव्या दिवसापासून त्यात व्हीसीडीसाठी लागणारी एमपेग-१ फाइल पूर्वीसारखीच तयार होई, पण डीव्हीडीसाठी लागणारी एमपेग-२ फाइल होत नसे. संगणक तोच, प्रोग्रॅम तोच, वापरणाराही तोच. तरी एक दार कायमचे उघडे आणि दुसरे महिन्याने बंद.

लेखकाला पैसे हवे होते म्हणून त्याने कुलूप लावले, एवढेच म्हणून हा विषय संपवता येत नाही. पैशासाठीच कुलूप लावायचे असते तर ते दोन्ही दारांना लावता आले असते. एकाच दाराला का लावले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना गणित, पेटंटचा कायदा, दूरचित्रवाणीचा बाजार आणि बंगळूरमध्ये जन्मलेला एक अभियंता अशा चार ठिकाणी जावे लागते.

प्रथम गणित. व्हीसीडीवरील चित्राचा आकार आपल्याकडच्या पाल पद्धतीत ३५२ गुणिले २८८ बिंदूंचा असतो. रंगाची माहिती कमी करून प्रत्येक बिंदूला सरासरी १२ बिट दिले आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे ३ कोटी ४ लाख बिट होतात. व्हीसीडीत चित्रासाठी प्रत्यक्षात जागा असते ती सेकंदाला साधारण साडेअकरा लाख बिटांची. म्हणजे मूळ माहितीच्या सव्वीस भागांतील पंचवीस भाग टाकून द्यायचे आणि तरीही पाहणाऱ्याला चित्रपट पाहिल्याचे समाधान द्यायचे. डीव्हीडीचे चित्र चौपट मोठे, म्हणून कच्च्या माहितीचा ओघही चौपट, सेकंदाला १२ कोटी बिटांहून अधिक. तेथेही संपीडन साधारण त्याच प्रमाणात करावे लागते.

हे साधते कसे? दोन युक्त्यांनी. पहिली म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक भाग सारखाच असतो, म्हणून दुसरे चित्र नव्याने न साठवता पहिल्यातील कोणता तुकडा कोठे सरकला एवढेच नोंदवायचे. दुसरी युक्ती एका चित्राच्या आतली आहे. चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडायचे. भिंत, आकाश, चेहऱ्यावरील गाल अशा ठिकाणी शेजारशेजारचे बिंदू जवळजवळ सारखे असतात. त्या चौसष्ट संख्यांचे एका विशिष्ट गणिती पद्धतीने रूपांतर केले की चौसष्ट नव्या संख्या मिळतात. त्यांतल्या पहिल्या थोड्या मोठ्या असतात आणि उरलेल्या बहुतेक शून्याच्या आसपास. स्वतः या रूपांतराने काहीही लहान होत नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. चौसष्टाच्या चौसष्टच संख्या राहतात. पण महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे वेगळे झाल्यामुळे बिनमहत्त्वाच्या संख्या ठोकळमानाने शून्य धरता येतात, आणि शून्यांची लांब रांग साठवायला फारच थोडी जागा पुरते.

या रूपांतराचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, अर्थात डीसीटी. ते सुचले नासिर अहमद यांना. १९४० साली बंगळूरमध्ये जन्मलेले अहमद तेथील विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत गेले, १९६६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात ते शिकवू लागले. १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी वाटते, अशा आशयाचा शेरा एका परीक्षकाने मारल्याचे अहमद यांनी पुढे १९९१ मध्ये लिहिलेल्या आठवणीत नमूद केले आहे. अनुदानावाचून त्यांनी काम चालू ठेवले. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधील मूळचे भारतीय प्राध्यापक के. आर. राव यांच्यासह लिहिलेला जेमतेम चार पानांचा शोधलेख जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपण पाहतो ते जवळजवळ प्रत्येक डिजिटल छायाचित्र आणि चलच्चित्र या चार पानांचे किंवा त्यांच्या वंशजांचे ऋणी आहे. जेपीईजी, एमपेग-१, एमपेग-२ ही सारी डीसीटीवर उभी आहेत. २००३ च्या एच.२६४ मध्ये तिचेच पूर्णांकी रूप वापरले आहे.

त्या शोधलेखातील गणितावर तिघांपैकी कोणीही पेटंट घेतले नाही. ते छापले गेले आणि सर्वांचे झाले.

मग कुलूप आले कोठून? डीसीटी हा गाभा असला तरी एकट्या गाभ्यावर दूरचित्रवाणी चालत नाही. एमपेग-१ हे मानक १९९३ चे. ते मुख्यतः सीडीवर चित्रपट बसवण्यासाठी होते. एमपेग-२ दोन वर्षांनी आले आणि त्याचे लक्ष्य थेट दूरचित्रवाणी हेच होते. जुन्या दूरचित्रवाणीत प्रत्येक चित्र सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्या भागांत पाठवले जाई. त्या गुंफलेल्या ओळींना हलत्या चित्रात कसे हाताळायचे, मोठ्या चित्राचे भाग कसे पाडायचे, अनेक वाहिन्या एका प्रवाहात कशा बांधायच्या, अशा शेकडो तपशिलांवर कंपन्यांच्या प्रयोगशाळांनी काम केले होते आणि प्रत्येकीने आपापल्या भागाचे पेटंट घेतले होते. मानक तयार झाले तेव्हा कोणाचेही पेटंट न ओलांडता एमपेग-२ चा एकही बिट लिहिणे अशक्य होऊन बसले.

दहा मालकांकडे दहा वेळा जाण्याची ही आपत्ती टाळण्यासाठी १९९७ मध्ये एमपेग एलए नावाच्या संस्थेने एक परवाना-संघ सुरू केला. सोनी, फिलिप्स, मित्सुबिशी, फुजित्सु, मात्सुशिता यांच्या जोडीला कोलंबिया विद्यापीठही त्यात होते. एकदा परवाना घ्या, एकच शुल्क भरा, आम्ही ते आपसांत वाटून घेऊ, अशी ही व्यवस्था. नावात ‘एमपेग’ असले तरी मानक लिहिणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीशी या संस्थेचा संबंध नव्हता. हा घोटाळा त्या काळी अनेकांचा होई आणि अजूनही होतो. शुल्क सुरुवातीला प्रत्येक एन्कोडर किंवा डीकोडरमागे ४ डॉलर होते, २००२ पासून ते अडीच डॉलर झाले. डीव्हीडी प्लेयर, सेट टॉप बॉक्स, संगणकावरील प्रोग्रॅम, सर्वांना एकच नियम.

एमपेग-१ च्या चित्रभागासाठी असा संघ कधी उभा राहिला नाही. त्यामुळेच टीएमपीजीएन्कचे एक दार सताड उघडे राहू शकले.

अडीच डॉलर ही रक्कम एका डीव्हीडी प्लेयरच्या किमतीत मिसळून जाते. पण जो प्रोग्रॅम लोक फुकट उतरवून घेतात, त्याच्या प्रत्येक प्रतीमागे लेखकाने अडीच डॉलर कोठून आणायचे? दहा लाख प्रती गेल्या तर पंचवीस लाख डॉलर होतात. वस्तू विकणाऱ्या कारखान्याला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली शुल्काची पद्धत, वस्तू न विकणाऱ्या माणसाला लावल्यावर काय होते, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे. तीस दिवसांची मुदत हा या कोंडीतून काढलेला मध्यममार्ग होता: चाखून पाहा, आवडले तर विकत घ्या, आणि त्या किमतीतून परवान्याचे पैसे जातील.

मुदतीची ही कल्पना एमपेगहून जुनी आहे. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगलमन यांनी पीसी-टॉक आणि जिम नॉफ यांनी पीसी-फाइल हे प्रोग्रॅम खुशाल वाटून टाकले आणि आवडल्यास पैसे पाठवा अशी विनंती केली. पुढच्या वर्षी बॉब वॉलेस यांच्या पीसी-राइटमुळे ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ झाला. सुरुवातीला सारे भिस्त ठेवून होते ती वापरणाऱ्याच्या सचोटीवर. भिस्त पुरेना, तेव्हा आठवण करून देणाऱ्या चौकटी आल्या. त्या लोक न वाचता बंद करू लागले, तेव्हा दिवस मोजणारे घड्याळ आले.

या घड्याळात एक मूलभूत दोष होता आणि तो तांत्रिक म्हणण्यापेक्षा तात्त्विक आहे. प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला ती तारीख संगणकातच कोठेतरी, बहुधा विंडोजच्या रजिस्ट्रीत, लिहून ठेवली जाई आणि पुढे दरवेळी आजच्या तारखेशी ताडून पाहिली जाई. पण आजची तारीख सांगणार कोण? संगणकाचेच घड्याळ. आणि घड्याळ कोणाच्या हाती? ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच वापरणाऱ्याच्या. आरोपीच्या मनगटावरील घड्याळ पाहून न्यायाधीशाने वेळ नोंदवावी तसा हा प्रकार. लोक तारीख मागे नेऊ लागले. मग प्रोग्रॅम शेवटच्या वापराचीही तारीख लिहू लागले, म्हणजे काळ उलटा वाहताना दिसला की दार बंद. यात निरपराधही भरडले जात. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक स्वतःहून जुन्या काळात जातो, आणि अशा वेळी प्रामाणिक माणसाचीही मुदत अवचित संपत असे. कोणी मुदतीऐवजी चित्रावर कंपनीची मोहोर उमटवू लागले, कोणी चित्रफितीची लांबी मर्यादित केली. अखेर इंटरनेट घरोघरी पोचल्यावर प्रश्न निकालात निघाला: दिवस मोजण्याचे काम कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरकडे गेले आणि वापरणाऱ्याच्या घड्याळाची गरजच उरली नाही.

तीस दिवस हे एन्कोडरच्या बाबतीत किती तोकडे होते याची कल्पना आजच्या विद्यार्थ्याला येणार नाही. त्या काळच्या घरगुती संगणकावर तासाभराची चित्रफीत चांगल्या प्रतीच्या एमपेग-२ मध्ये बदलायला कित्येक तास लागत. रात्री काम लावून झोपायचे, सकाळी उठून पाहायचे, रंग बिघडला असेल किंवा आवाज पुढेमागे झाला असेल तर पुन्हा पुढची रात्र. मुदतीचा अर्धा काळ प्रोग्रॅम समजून घेण्यातच जाई.

भारतात या सगळ्याला आणखी एक परिमाण होते. आपल्याकडे व्हीसीडी जितकी रुजली आणि टिकली तितकी ती अमेरिका-युरोपात कधीच रुजली नाही. स्वस्त प्लेयर, स्वस्त चकती आणि परवान्याचा त्रास नसलेले एमपेग-१ हे तिचे बळ होते. २००७ मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा डीव्हीडीला बाजारात येऊन दहा वर्षे होऊन गेली होती. तरी व्हीसीडीला गिऱ्हाईक होतेच. लग्नाची, बारशाची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची ‘सीडी’ हा शब्द मराठी घरांत जो रुळला, तो बव्हंशी एमपेग-१ चाच शब्द होता.

या धंद्यातील लहान माणसांनी कोणते प्रोग्रॅम वापरले, हे उघड गुपित आहे. कुलूप तोडलेल्या प्रती शहराशहरांतून मिळत, आणि त्या वापरणे म्हणजे चोरी असे फारसे कोणाला वाटत नसे. कायदा मात्र स्पष्ट होता. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय प्रोग्रॅमला कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. १९९४ च्या दुरुस्तीने बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच गुन्हा ठरला. आणि २०१२ मध्ये कलम ६५अ आले, ज्यान्वये हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण निकामी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुदतीचे घड्याळ हेही असे तांत्रिक संरक्षणच. माझे मत असे, की ‘गरीब देशाला परवडत नव्हते’ हे समर्थन अर्धेच खरे आहे. परवडत नव्हते हे खरे. पण पर्याय नव्हता हे खरे नाही. पर्याय त्याच वर्षांत, त्याच इंटरनेटवर, उगमसंहितेसह उपलब्ध होत होते. त्यांच्याकडे पाहायला आपल्याला उशीर झाला.

ते पर्याय उभे करणाऱ्यांनी घड्याळाशी भांडण्यात वेळ घालवला नाही. पहिले नाव घ्यावे लागते ते ध्वनीच्या क्षेत्रातील लेमचे. १९९८ मध्ये एमपी३ ची पेटंटे असलेल्या जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने हौशी एन्कोडर लिहिणाऱ्यांना परवाना घेण्याविषयी पत्रे धाडली आणि अनेक विनामूल्य प्रोग्रॅम रातोरात बंद पडले. त्याच वर्षी माइक चेंग यांनी लेम सुरू केला. आरंभी तो पूर्ण प्रोग्रॅमच नव्हता. मानकासोबत मिळणाऱ्या नमुना-संहितेत करायच्या दुरुस्त्यांचा संच होता. नावाचा विस्तारही मिश्किल, ‘लेम हा एमपी३ एन्कोडर नव्हे’. हळूहळू २००० पर्यंत त्यातील मूळ संहितेचा प्रत्येक भाग नव्याने लिहून झाला. प्रकल्प चालता प्रोग्रॅम न देता केवळ उगमसंहिता प्रसिद्ध करत राहिला, कारण त्यांची भूमिका अशी, की संहिता हे एखाद्या पद्धतीचे वर्णन आहे; ते छापणे म्हणजे यंत्र बनवणे नव्हे.

चित्राच्या क्षेत्रात गोष्ट अधिक नाट्यमय झाली. फ्रान्सच्या जेरोम रोटा यांनी मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकमध्ये परस्पर फेरफार करून ‘डिव्हएक्स’ बाहेर काढला. तो जगभर पसरला. पुढे त्याचीच कंपनी झाली, २००१ च्या जानेवारीत तिने ओपनडिव्हएक्स नावाने खुला प्रकल्प मांडला आणि लवकरच तो गुंडाळून बंद संहितेचा डिव्हएक्स ४ काढला. खुल्या प्रकल्पासाठी काम केलेल्या बाहेरच्या प्रोग्रॅमरांना हे सहन झाले नाही. त्यांनी उरलेल्या संहितेतून वेगळी चूल मांडली आणि जुने नाव उलटे वाचून तिला ‘एक्सव्हिड’ म्हटले. २००२ मध्ये डिव्हएक्स ५ ची प्रगत आवृत्ती घ्यायची तर एकतर पैसे मोजा नाहीतर जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम सोबत पदरात घ्या, अशी अट आली. मुदतीच्या कुलपाची ही आणखी एक जात. एक्सव्हिडला ना मुदत होती ना जाहिरात.

यानंतर आलेला एक्स२६४ हा माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोलका टप्पा आहे. फ्रान्सच्या लोरां एमार यांनी त्याची सुरुवात केली, नंतर लॉरेन मेरिट यांनी तो सांभाळला. येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी: एमपेग मानके डीकोडरने काय वाचावे एवढेच ठरवून देतात, एन्कोडरने ते कसे लिहावे हे नाही. कोणत्या चौकोनाला किती बिट द्यायचे, डोळ्याला काय खपेल आणि काय खुपेल, हा सारा निर्णय एन्कोडर लिहिणाऱ्याच्या बुद्धीवर सोडलेला आहे. म्हणून तर एकाच मानकाचे चांगले आणि वाईट एन्कोडर असू शकतात, आणि म्हणूनच चांगला एन्कोडर विकता येतो, त्याला तीस दिवसांचे कुलूप लावता येते. एक्स२६४ ने याच मोकळ्या जागेत विकाऊ एन्कोडरांना मागे टाकले. २००० मध्ये फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेल्या एफएफएमपेगशी तो जोडला गेला आणि ही जोडी जगातील असंख्य व्हिडिओ सेवांच्या पोटात जाऊन बसली.

मात्र संहिता मुक्त झाल्याने पेटंट मुक्त होत नाही. कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला संरक्षण देतो. पेटंट त्या मजकुरामागच्या पद्धतीला. स्वतःच्या हाताने पहिल्या ओळीपासून लिहिलेला एन्कोडरही दुसऱ्याचे पेटंट ओलांडू शकतो. भारताची भूमिका येथे काहीशी वेगळी आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणकीय प्रोग्रॅम पेटंटयोग्य नाहीत. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे दार किलकिले करण्याचा प्रयत्न झाला होता. २००५ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर करताना तो भाग गाळला. तरी ‘निव्वळ’ या शब्दाने बराच वाव ठेवला आहे, आणि यंत्राशी जोडलेल्या पद्धतींना पेटंट मिळतेच. डीव्हीडीवरील संकेत वाचण्याच्या पद्धतीविषयी फिलिप्सने दोन भारतीय उत्पादकांवर लावलेले दावे दिल्ली उच्च न्यायालयात २०१८ मध्ये फिलिप्सच्या बाजूने निकालात निघाले. मानकाशी निगडित पेटंटाविषयी पूर्ण सुनावणीनंतर झालेला हा भारतातील पहिला निकाल मानला जातो. तोवर ते पेटंट संपून तीन वर्षे लोटली होती आणि डीव्हीडीही जवळजवळ संपली होती.

खुद्द परवान्यालाही मुदत असू शकते, हे २०१० मध्ये साऱ्या इंटरनेटला कळले. एच.२६४ वापरून प्रेक्षकांना विनामूल्य दाखवल्या जाणाऱ्या इंटरनेट व्हिडिओवर एमपेग एलए शुल्क घेत नव्हती, पण ही सवलत २०१० अखेरपर्यंतच होती. फेब्रुवारीत ती २०१५ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. याला चाचणी-मुदत म्हणू नये तर काय म्हणावे? फरक एवढाच, की या वेळी चाचणी एका संगणकाची नव्हती, सगळ्या वेबची होती. मोझिलाने फायरफॉक्समध्ये एच.२६४ घेण्याचे नाकारले. मे महिन्यात गुगलने नुकत्याच विकत घेतलेल्या ऑन२ कंपनीचा व्हीपी८ कोडेक खुला केला. आणि ऑगस्टमध्ये एमपेग एलएने जाहीर केले की विनामूल्य इंटरनेट व्हिडिओवर कधीच शुल्क घेतले जाणार नाही. स्पर्धा समोर उभी राहिल्यावर सहा महिन्यांत पाच वर्षांची मुदत कायमची झाली. २०१३ मध्ये सिस्कोने आपला ओपनएच२६४ प्रसिद्ध करून त्याच्या तयार प्रतींचे परवानाशुल्क स्वतः भरण्याची तयारी दाखवली, तेव्हा फायरफॉक्सचाही प्रश्न मिटला.

पुढच्या एचईव्हीसी मानकाच्या वेळी हा धडा विसरला गेला. एका परवाना-संघाऐवजी एकाहून अधिक झाले, कोणाला किती द्यायचे याचा मेळ बसेना, आणि २०१५ मध्ये गुगल, मोझिला, सिस्को, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन आणि इंटेल यांनी मिळून वेगळी आघाडी केली. तिचा एव्ही१ २०१८ मध्ये आला. तो शुल्कमुक्त असल्याचे आघाडी सांगते. त्यावरही आपले हक्क सांगणारा एक पेटंट-संघ लवकरच निघाला.

आपल्याकडे या प्रश्नाला शांतपणे दिलेले एक उत्तर मुंबईत सापडते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या चित्रफिती तयार केल्या, मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन केले, आणि त्या ओजीव्ही स्वरूपात, म्हणजे थिओरा या मुक्त कोडेकमध्ये दिल्या. थिओरा तुलनेने दुबळा होता हे मान्य केले पाहिजे. त्याच आकाराच्या फाइलमध्ये एच.२६४ चे चित्र अधिक स्वच्छ दिसे. पण तालुक्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत ती चित्रफीत वाजवायला, तिच्या प्रती काढायला किंवा तिच्यावर नवे निवेदन चढवायला कोणाच्या परवानगीची वा मुदतीची गरज नव्हती. शैक्षणिक साहित्य वर्षानुवर्षे दुरुस्त करावे लागते. तीस दिवसांनी बंद पडणाऱ्या साधनावर ते उभे करणे म्हणजे भाड्याच्या जागेत विहीर खणणे.

पेटंटाची मुदत वीस वर्षांची. चाचणी-आवृत्तीत आधी सारे मोकळे असते आणि मग दार बंद होते; पेटंटात याच्या उलट, आधी बंद आणि मग मोकळे. अट एवढीच, की शोध पहिल्या दिवशीच जाहीर करून लिहून द्यायचा. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मालकाला एमपेग-२ पाहण्यासाठी २.४० पौंड वेगळे भरून एक किल्ली विकत घ्यावी लागे. डीकोडर चिपमध्ये आधीपासूनच असे, फक्त कुलूपबंद. एमपी३ चा परवाना-कार्यक्रम २०१७ च्या एप्रिलमध्ये संपला. फेब्रुवारी २०१८ मध्ये एमपेग-२ च्या संघातील शेवटचे अमेरिकी पेटंट संपले, आणि मलेशियासारखे एखाददुसरे देश वगळता ते मानक सगळीकडे मोकळे झाले. नासिर अहमद यांचे नाव सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोचायला मात्र २०२१ उजाडले, तेही ‘धिस इज अस’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागामुळे.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने सुरू केलेली, पुढे डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाऊ लागलेली सेवा एमपेग-२ वरच उभी राहिली. तिच्या लिलावात अलीकडेही एमपेग-२ च्या आणि एमपेग-४ च्या जागा वेगवेगळ्या विकल्या गेल्या आहेत, कारण पहिल्या पिढीचे सेट टॉप बॉक्स अजून खेड्यापाड्यांतल्या घरांत चालू आहेत आणि त्यांना दुसरे काही वाचता येत नाही.